अंटार्क्टिका क्रूझ: व्हिसा लागत नाही हे खरं, पण मुंबईकरांचे कागद अडतात कुठे?

अंटार्क्टिकाला व्हिसा लागत नाही. ही माहिती बरोबर आहे, आणि सगळ्यात जास्त घोळ तिनेच घातला आहे. १९५९ च्या अंटार्क्टिक करारामुळे त्या खंडावर कुणा एका देशाची इमिग्रेशनची खिडकी नाही. पण मुंबईहून निघालेला माणूस थेट बर्फावर उतरत नाही. वाटेत अर्जेंटिना किंवा चिली येतं, त्याआधी एखादं तिसऱ्याच देशाचं विमानतळ येतं, आणि परतताना सहार विमानतळावर आपलंच सरकार उभं असतं. माणशी पंधरा-वीस लाख मोजून बाल्कनीचा स्वीट घेतलेल्यांनाही यातल्या एकाही ठिकाणी सूट नाही.

आधी परवानगीची शंका मिटवू. भारताने २०२२ मध्ये अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामुळे ‘मला दिल्लीहून परमिट काढावं लागेल का?’ असं बरेच जण विचारतात. क्रूझच्या प्रवाशाला नाही. जहाज कंपनी कराराच्या सदस्य देशाकडून परवानगी काढते आणि आपल्या कायद्याला दुसऱ्या सदस्य देशाची लेखी परवानगी चालते. तुम्ही एवढंच पाहा की कंपनी ‘आयएएटीओ’ या १९९१ साली स्थापन झालेल्या पर्यटन कंपन्यांच्या संघटनेची सदस्य आहे, आणि जहाजावर प्रवासी किती आहेत. पाचशेहून जास्त प्रवासी असलेलं जहाज कुणालाही किनाऱ्यावर उतरवत नाही. लहान जहाजातूनही किनाऱ्यावर एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं. स्वस्त पडलं म्हणून मोठं जहाज घेतलेल्यांना हे डेकवरून पेंग्विन बघताना कळतं.

आता पात्रता. वयाची वरची मर्यादा बहुतेक कंपन्या ठेवत नाहीत, पण जहाजाचा वैद्यकीय फॉर्म तुमच्या डॉक्टरांनी भरून सही करायचा असतो. हलत्या रबरी बोटीत, म्हणजे झोडिॲकमध्ये, चढता-उतरता आलं पाहिजे. स्टेंट, रक्तदाब, मधुमेह लपवू नका. ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र, ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात आणि पुढे हॉस्पिटल नाही. जहाजावरच्या डॉक्टरला जे माहीत असेल त्यावरच तुमचं भागायचं आहे.

पिवळं कार्ड

हा तो कागद, जो कुणाकडेच नसतो. यलो फीव्हरचं, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र. ते अर्जेंटिना मागत नाही, जहाज मागत नाही; मागतो तो भारत, तुम्ही परत येताना. आरोग्य मंत्रालयाच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत अर्जेंटिना आहे, ब्राझील आहे, इथिओपियाही आहे. अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसेल, तर उरलेले दिवस क्वारंटाइन होऊ शकतं. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, उशुआया बंदरात जहाजातून उतरून ब्युनोस आयर्समार्गे घरी यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणजे तुम्ही त्या सहा दिवसांत हमखास येता.

‘अहो, उशुआयाला बर्फ पडतो, तिथे डास कुठला?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो अगदी रास्त आहे. अर्जेंटिनात धोका आहे तो उत्तरेकडच्या मिसिओनेस, कोरिएन्तेस अशा प्रांतांत. पण यादी देशाच्या नावाची आहे, प्रांताची नाही, आणि काउंटरवरच्या माणसाशी भूगोलावर वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण कार्ड दहाव्या दिवसापासूनच ग्राह्य धरतात. इथे तारीख चुकते: लोक निघण्याच्या आठवड्यात जातात. लस फक्त अधिकृत केंद्रातच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनांची केंद्रं आहेत. आधी वेळ घ्या, मूळ पासपोर्ट न्या. घराजवळच्या दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहून आणलेलं चालत नाही. कार्ड २०१६ पासून आयुष्यभर वैध आहे, त्यामुळे आफ्रिका सफारीच्या वेळचं जुनं कार्ड घरात असेल तर तेच शोधा. पासपोर्ट मध्यंतरी बदलला असेल आणि कार्डावर जुना नंबर असेल, तर जुना पासपोर्टही सोबत ठेवा.

खरी अडचण वेगळीच आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा जास्त असतो, आणि अंड्याची ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टर नको म्हणू शकतात. या क्रूझला जाणारे बरेच लोक निवृत्त! म्हणून डॉक्टरांना हे बुकिंगच्या आधी विचारा, नंतर नाही. डॉक्टरांचं ‘लस देऊ नये’ हे पत्र कार्डाची जागा घेईलच असं धरून चालू नका. निर्णय विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याचा. लस शक्यच नसेल तर चिलीचा मार्ग बघा. तिथल्या पुंता अरेनासहून विमानाने अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर जाऊन जहाज पकडणाऱ्या सहली आहेत. चिली त्या यादीत नाही, आणि युरोपमार्गे सँतियागोला गेलात तर ब्राझील-अर्जेंटिनाला पायही लागत नाही.

अर्जेंटिनात दोनदा शिरायचं असतं

अर्जेंटिनाचा वाणिज्य दूतावास मुंबईतच आहे, हे आपलं नशीब. फॉर्म, फोटो, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, तिकीट, हॉटेल, नोकरीत असाल तर रजेचं पत्र: नेहमीचंच. त्यात क्रूझ कंपनीचं नावानिशी कन्फर्मेशन लावा, नुसतं ट्रॅव्हल एजंटचं कोटेशन नव्हे.

चुकतं ते प्रवेशाच्या संख्येत. जहाज उशुआयाहून सुटलं की तुम्ही अर्जेंटिना सोडली, परत आलं की पुन्हा शिरलात. म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा आणि त्याची मुदत जहाज परतल्यावरही शिल्लक हवी. समुद्र खवळला की जहाज एखादा दिवस उशिरा येतं, त्यामुळे शेवटच्या तारखेला चिकटून काहीही ठरवू नका.

ऑगस्ट २०२५ मध्ये अर्जेंटिनाने अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असलेल्या भारतीयांना वेगळ्या व्हिसातून सूट जाहीर केली. चांगली सोय, पण ती घरासाठी नाही, माणसासाठी आहे. साहेबांकडे अमेरिकेचा व्हिसा आणि बाईंचा संपलेला, अशी जोडपी दर मोसमात भेटतात. बाईंना रीतसर अर्ज करावाच लागतो. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट न्या.

काही जहाजं उशुआयाहून सुटतात आणि चिलीत संपतात. ब्रोशरच्या पहिल्या पानावर पेंग्विन असतो, उतरण्याचं बंदर बारीक अक्षरांत असतं. ते वाचा, चिलीचा व्हिसा वेगळा. सहलीत फॉकलंड बेटं असतील तर तो ब्रिटनच्या अखत्यारीतला प्रदेश आहे, त्याचे प्रवेशाचे नियम त्याचे स्वतःचे. भारतीय पासपोर्टला तिथे काय लागतं, हे जहाज कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं ‘नो प्रॉब्लेम सर’ दाखवता येत नाही.

विमानाचं तिकीट शक्यतो एकाच पीएनआरवर. तुकड्यातुकड्यांत स्वस्त पडलं म्हणून घेतलं तर साव पावलोला सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, म्हणजे ब्राझीलचा व्हिसा आला. युरोपातले काही देश नुसतं विमान बदलायलाही भारतीयांकडून ट्रान्झिट व्हिसा मागतात.

नावांचा घोळ आपल्याकडे ठरलेला. पासपोर्टवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, तिकिटावर एजंटने वडिलांचं नाव गाळलेलं. सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर घ्या आणि बँकेतल्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला जोडा. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने हवी.

पैसे आणि विमा

आईवडिलांची सहल मुलाने भरली असेल तर व्हिसाच्या फायलीत मुलाचं प्रायोजक पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा लागतो. अर्जाच्या आठवड्यात वडिलांच्या खात्यात एकदम वीस लाख टाकणं हा उपाय नाही, तो संशय आहे. परदेशी पाठवायच्या रकमेची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कुणाच्या पॅनवर कापला जातोय ते बिलावर बघा, कारण विवरणपत्रात तो त्यालाच वळता मिळणार.

जहाजाची उरलेली रक्कम बहुधा निघण्याच्या तीन-चार महिने आधी भरायची असते आणि त्यानंतर रद्द केलं तर जवळपास सगळं बुडतं. लोक ही तारीख फक्त पैसे भरण्याची समजतात. ती व्हिसा हातात असण्याची तारीख समजा. व्हिसा नाकारला हे कारण कंपनी परताव्यासाठी मानत नाही, आणि प्रवास विमाही बहुतेक वेळा मानत नाही.

विम्यात ‘वर्ल्डवाइड’ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. अपवादांचं पान उघडा: ध्रुवीय प्रदेश, मोहीम किंवा साहसी प्रवास वगळलेला असतो. कंपन्या आपत्कालीन वैद्यकीय सुटकेचं कव्हर मागतात, साधारण एक ते पाच लाख डॉलरच्या घरात. विमा कंपनीकडून अंटार्क्टिकाचं नाव असलेलं पत्रच घ्या. आधीपासूनच्या आजारांचा रकाना खरा भरा.

शेवटचा फॉर्म जैवसुरक्षेचा, जहाजावर भरायचा. बाहेरचं बी-बियाणं, माती, अन्न किनाऱ्यावर न्यायचं नाही. किनाऱ्यावर जाण्याआधी जॅकेटचे खिसे, वेल्क्रो, बॅगांचे कोपरे, ट्रायपॉडचे पाय सगळं व्हॅक्यूमने साफ करून तपासतात. आपल्या मंडळींच्या खिशात बडीशेप आणि ओवा सापडतोच. मागच्या हिवाळ्यात मनालीला नेलेलं जॅकेट तसंच भरू नका. मुंबईतच खिसे उलटे करून झाडा, बूट ब्रशने घासून वाळवा. आणि भारताचे भारती किंवा मैत्री हे संशोधन तळ बघायला मिळेल का, असं विचारणाऱ्यांसाठी: नाही. ते दोन्ही खंडाच्या पूर्व भागात आहेत, आणि उशुआयाची जहाजं जातात ती पश्चिमेकडच्या द्वीपकल्पाला.