लॉक एका थरात, प्रत दुसऱ्या थरात: सामायिक क्लस्टर फाइलसिस्टीममधील कॅशेची पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातील एका सौहार्द सोसायटीत दोन सर्व्हर होते, प्रत्येकावर एक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने चालवलेला आभासी संगणक), आणि दोघांच्या मागे एकच सामायिक डिस्क, जिच्यावर जीएफएस2 ही अनेक संगणकांना एकच डिस्क वापरू देणारी फाइलसिस्टीम होती. संध्याकाळी पिग्मी एजंटांच्या यंत्रांतून उतरवलेली फाइल पहिल्या मशीनवर ताजी दिसे. दुसऱ्या मशीनवर मात्र तीच फाइल उघडली की आदल्या दिवशीच्या रकमा समोर येत. फाइलसिस्टीमची तपासणी निर्दोष निघाली. दोष कुठे होता हे मला समजले ते या तंत्राचा इतिहास मागे जाऊन पाहिल्यावरच.

एक डिस्क अनेक संगणकांनी वापरायची तर प्रत्येकाच्या स्मृतीतील प्रत, म्हणजे कॅशे, खरी की शिळी, हे कोणी तरी ठरवावे लागते. 1983 साली डीईसी कंपनीने व्हॅक्सक्लस्टर हा जोडलेल्या संगणकांचा समूह जाहीर केला आणि त्यासोबत वाढलेल्या डिस्ट्रिब्यूटेड लॉक मॅनेजरने हा प्रश्न लॉकशी, म्हणजे वापराच्या तात्पुरत्या हक्काशी, बांधून टाकला. जुन्या सोसायटीत खतावणी ज्याच्या मेजावर असे त्यानेच तीत लिहायचे, आणि दुसऱ्याने मागितली की हातातील नोंद पुरी करून ती सोडायची, तशीच ही शिस्त आहे. सन कंपनीच्या एनएफएस या नेटवर्कवरील फाइलसिस्टीमने त्याच सुमारास वेगळी आणि सैल वाट धरली: फाइल उघडताना सर्व्हरला विचारायचे, एरवी आपल्या प्रतीवर विसंबायचे.

1990 च्या दशकाच्या मध्यास मिनेसोटा विद्यापीठात जीएफएसचे काम सुरू झाले. आरंभीच्या रचनेत लॉक खुद्द डिस्क उपकरणातच ठेवलेले होते, ही कल्पना मला आजही धाडसी वाटते. पुढे सिस्टिना कंपनीमार्फत जीएफएस 2003 च्या अखेरीस रेड हॅटकडे आली. 2006 मध्ये ओरॅकलची तशीच ओसीएफएस2 आणि त्यानंतर जीएफएस2 लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, दाखल झाल्या. जीएफएस2 मध्ये दुसऱ्या नोडने (समूहातील संगणकाने) लिहिण्यासाठी लॉक मागितले की पहिला नोड न लिहिलेला मजकूर डिस्कवर उतरवतो, आपल्या कॅशेतील पाने (स्मृतीतील तुकडे) टाकून देतो आणि मगच लॉक सोडतो. नोडला प्रत बाळगण्याचा अधिकार लॉकमुळेच मिळतो, हे या साऱ्या रचनेचे मर्म आहे.

व्हर्च्युअल मशीन चालवणारे केव्हीएम 2007 च्या आरंभी कर्नलमध्ये आले आणि नोड व डिस्क यांच्यामध्ये यजमान संगणक, म्हणजे ज्यावर ती पाहुणी मशीन चालते तो सर्व्हर, उभा राहिला. त्याचीही स्वतःची पेज कॅशे असते, आणि पाहुण्या मशीनमधील लॉकची तिला काहीच खबर नसते. खानापुरात नेमके हेच घडत होते. पहिल्या मशीनने फाइल प्रत्यक्ष डिस्कवर नीट उतरवली होती. दुसऱ्या मशीनने आपली जुनी पाने टाकून पुन्हा वाचायला घेतले, तेव्हा त्याच्या यजमानाने डिस्कपर्यंत न जाता आपल्याच कॅशेतील कालचे पान पुढे केले. मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्राममध्ये डिस्कची कॅशे 'रायटबॅक' ठेवलेली होती, म्हणजे लिहिणे-वाचणे दोन्ही यजमानाच्या कॅशेतून होई. असे पर्याय एका यजमानापुरते सोयीचे असतात. दोन यजमानांमध्ये वाटलेल्या डिस्कला ते चालत नाहीत. 'रायटथ्रू'नेही येथे भागले नसते, कारण त्यात लिहिणे तेवढे थेट डिस्कवर पोचते, वाचणे कॅशेतूनच होते.

2019 मध्ये लिनक्स 5.4 सोबत आलेल्या, यजमानाच्या फाइली पाहुण्याला देणाऱ्या व्हर्टिओएफएसने, आणि पुढे त्याच्या डॅक्स सोयीने, यजमानाची पाने पाहुण्याला थेट वापरू देऊन दुहेरी प्रत टाळली आहे. मात्र ती सोय एकाच यजमानाच्या छपराखालची आहे. सोसायटीतील दोन्ही मशीनची डिस्क कॅशे 'नन' केली, म्हणजे यजमानाची पेज कॅशे वाटेतून काढली, आणि त्या संध्याकाळी दोन्ही खिडक्यांवर पिग्मीची बेरीज एकच आली.