टोकियोचा ड्रिफ्ट आणि बाटलीचं बूच

परवा रविवारी बहिणीकडे गेलो होतो तर भाचा टीव्हीला चिकटून बसलेला, 'टोकियो ड्रिफ्ट' सिनेमा लागला होता. २००६ चा, जस्टिन लिनचा. अमेरिकेतला एक वाया गेलेला पोरगा टोकियोत बापाकडे येतो, तिथे रात्री पार्किंगच्या इमारतींमधे चोरून रेसिंग चालतं, डीके म्हणजे 'ड्रिफ्ट किंग' नावाचा दादा असतो, पुढचं तुम्हाला माहितीच आहे. स्टोरीत फार दम नाही पण गाड्या आडव्या होऊन धूर सोडत वळतात ना, म्हणजेच ड्रिफ्ट, ते बघायला मजा येते हे मान्य. भाचा म्हणाला, "मामा, बघ, ड्रिफ्ट मारला की वळणावर गाडी जास्त फास्ट जाते." मी म्हटलं अरे फास्ट नाही, स्लो जाते. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सचिनला बॅटिंग येत नाही असं म्हणालो.

तर हे सगळं येतं कुठून. शाळेत आपण घर्षण म्हणजे 'गतीला विरोध करणारं बल' एवढं पाठ करतो आणि दोन मार्क घेऊन मोकळे होतो. पण कुणाच्या गतीला? गाडी १०० च्या स्पीडने चालली असली तरी टायरचा जो तळहाताएवढा भाग त्या क्षणी रस्त्याला टेकलेला असतो तो रस्त्याच्या हिशोबाने जवळजवळ थांबलेलाच असतो, चाक गोल फिरतंय म्हणून. घर्षण विरोध करतं ते त्या टेकलेल्या भागाच्या घसरण्याला. आणि बाण नेहमी एकच असतो, घसरण्याच्या बरोब्बर उलट दिशेला. पुढेमागे वेगळं घर्षण आणि आडवं वेगळं घर्षण अशी दोन खाती नसतात, सगळं एकाच खिशातून जातं.

आता बाटलीचं घट्ट बसलेलं बूच आठवा. सरळ ओढलं तर हलत नाही. मग आपण काय करतो, पिळत पिळत ओढतो आणि ते अलगद वर येतं. बोटात अडकलेली अंगठी तशीच, स्टीलच्या ग्लासात अडकलेला ग्लास तसाच. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं पण ती बरोबर फिरवूनच काढायची. होतं असं की पिळल्यावर बुचाचं घसरणं मुख्यतः गोल दिशेत होतं, त्यामुळे घर्षणाचा बाणही तिकडेच वळतो, आणि वरच्या दिशेला अडवायला त्याच्याकडे फारसं काही उरत नाही. पिळण्याचा वेग ओढण्याच्या दहापट असेल तर वर ओढताना लागणारा विरोध साधारण दहावा हिस्सा राहतो. एकूण घर्षण तेवढंच आहे हां, फक्त बाण फिरला. मला स्वतःला हे कळलं तेव्हा दोन दिवस मी घरातल्या सगळ्या बाटल्या उघडत बसलो होतो.

ड्रिफ्ट म्हणजे हेच बूच, फक्त टायरचं.

मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना देणारी गाडी घ्या. वळणात मागची चाकं आडवी घसरू नयेत म्हणून रस्ता त्यांना आडवं धरून ठेवतो. आता ड्रायव्हरने क्लच दाबून इंजिन रेस केलं आणि क्लच झटक्यात सोडला, मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. समजा टेकलेला भाग मागच्या दिशेला सेकंदाला १२ मीटरने घसरतोय आणि आडवा ५ मीटरने. पायथागोरस लावा, ५-१२-१३, एकूण घसरण १३. म्हणजे आडवं धरायला घर्षणाचा फक्त ५/१३ हिस्सा मिळाला, ३८ टक्के, बहुतेक जोर गाडी पुढे ढकलण्यात गेला. पुढच्या चाकांची पकड शाबूत आणि मागची ढिली, मग गाडीचं ढुंगण बाहेर जाणारच. हँडब्रेकनेही तेच, फक्त उलट बाजूने, चाक जाम झालं की बाण थेट गाडीच्या मागे रोखला जातो आणि आडवी पकड गेली. (चाक जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक याच कारणासाठी असतात, चाक जाम झालं तर हँडल कितीही वळवा, बाण तुमचं ऐकत नाही.)

इथपर्यंत गाडी नुसती घसरली, ती पावसाळ्यात आपली स्कूटरपण घसरते. खरी कला पुढे. गाडीचं नाक वळणाच्या आत वळलेलं आहे, बरोबर? मग मागची चाकं गाडीला नाकाच्या दिशेने ढकलतायत, म्हणजे त्या धक्क्याचा एक भाग वर्तुळाच्या केंद्राकडे जातोय! गोल फिरायला जे केंद्राकडचं बल लागतं त्यातला मोठा वाटा आता इंजिन देतंय. ॲक्सिलरेटर थोडा कमी केला की मागचं बूड परत पकड घेतं, जास्त दिला की अजून बाहेर जातं. थोडक्यात स्टिअरिंग पायात आलं. आणि हातातलं स्टिअरिंग मात्र उलटं धरायचं, पुढची चाकं साधारण गाडी खरंच जिकडे चाललीय तिकडे रोखून, नाहीतर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. सिनेमात हिरो पहिल्यांदा पार्किंगमधे उतरतो आणि उसनी आणलेली निस्सान सिल्व्हिया ठोकून ठोकून भंगार करतो ते म्हणूनच.

इथे एक किचकट गोष्ट सांगून टाकतो, डोकं गरगरलं तर हा पॅरा सोडा. रबर शाळेतले नियम पूर्ण पाळत नाही. टायर पूर्ण घसरायच्या आधी नुसता पिळला जातो, त्याचं तोंड एकीकडे आणि प्रत्यक्ष जाणं किंचित दुसरीकडे, या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढवत नेला की आडवी पकड वाढत जाते, साध्या टायरला कोरड्या रस्त्यावर ८-१० अंशाच्या आसपास सर्वात जास्त होते आणि मग हळूहळू उतरते. ड्रिफ्टमधे मागचे टायर त्या शिखराच्या बरेच पलीकडे असतात. शिवाय रबरावर वजन दुप्पट टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते, त्यामुळे वळणात वजन एका बाजूच्या टायरवर गेलं की एकूण पकडीत तोटाच होतो.

म्हणून डांबरी रस्त्यावर ड्रिफ्ट मारणारा मागे पडतो. शिखराच्या अलीकडे टायर ठेवून जाणारा ड्रायव्हर जास्त पकड वापरतो, आणि ड्रिफ्टवाल्याची बरीच ताकद रबर जाळण्यात जाते, तो पांढरा धूर आहे ना, ते पैसे आहेत. माती, खडी, बर्फावर हिशोब बदलतो, रॅलीच्या गाड्या आडव्या जातात त्या उगाच नाही. पण टोकियोत सगळं डांबर आणि काँक्रीट.

आता त्या गोल चढणाऱ्या रॅम्पचा सीन घ्या. त्रिज्या १० मीटर धरू, कोरड्या रस्त्यावर म्यू, म्हणजे पकडीचा आकडा (घर्षणाचा गुणांक), साधारण १, आणि जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा ९.८. वेगाचा वर्ग = म्यू गुणिले जी गुणिले त्रिज्या, म्हणजे ९८, वेग सेकंदाला ९.९ मीटर. ताशी ३६ किलोमीटर! आपली एसटी याहून जोरात जाते. या साध्या सूत्रात वस्तुमान नाहीच, त्यामुळे गाडी कितीही जड आणा, आकडा साधारण तोच. कॅमेरा खाली लावला, इंजिनचा आवाज वाढवला की ३६ चे १३६ वाटतात.

टायरबद्दलचा असाच एक समज म्हणजे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडलं की पकड वाढते. श्रद्धा असेल तर असो, पण टायर आणि रस्ता यांच्यात ओला गर घालून पकड वाढल्याचं कुणी दाखवून दिलेलं नाही. आणि पंपावर टायरमधे नायट्रोजन भरा म्हणून मागे लागतात त्यांना सांगा की साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तोही फुकट.

जपानमधे हे सगळं घाटात वाढलं, तिकडे घाटाला तोगे म्हणतात. कुनिमित्सु ताकाहाशी नावाचा रेसर होता, १९६१ मधे मोटरसायकल ग्राँप्री जिंकणारा पहिला जपानी, तो नंतर कार रेसिंगमधे आला आणि सत्तरच्या दशकात वळणात गाडी आडवी टाकून जायचा. ते बघून केइची त्सुचिया वेडा झाला, टोयोटाची एई८६ घेऊन घाटात सराव करायचा, १९८७ मधे त्याचा व्हिडिओ निघाला आणि खरा 'ड्रिफ्ट किंग' तोच. सिनेमात हिरो बंदरावर ड्रिफ्टचा सराव करत असतो तेव्हा त्याला हसणारा जो मच्छीमार आहे तो हाच त्सुचिया.

अजून एक. हिरोची ती लाल मित्सुबिशी लान्सर इव्हो मुळात चारही चाकांवर चालते, पुढची चाकंपण ओढत असल्यामुळे तिला असं आडवं धरून ठेवणं कठीण, म्हणून शूटिंगच्या गाड्या फक्त मागच्या चाकांवर चालतील अशा करून घेतल्या होत्या. हे सांगितल्यावर भाच्याने लगेच विचारलं, "मग आपली हॅचबॅक?" म्हटलं ती पुढच्या चाकांवर चालते राजा, जास्त ॲक्सिलरेटर दिलास तर बूच पुढचंच निघेल आणि गाडी सरळ समोरच्या गटारात. तो गप्प बसला, मग उठून फ्रिजमधली सरबताची बाटली घेऊन आला आणि झाकण पिळून बघायला लागला.