जुन्या गाडीत नवा गॅस भरताना

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांच्या एसीत थंडावा देणारा गॅस म्हणून आर-१२ असे. १९८७च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या थराला मारक असलेला हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि त्याची जागा आर-१३४एने घेतली. पण जुना काढून नवा भरला, एवढ्यावर काम भागत नाही.

शून्य अंशाला दोघांचा दाब जवळजवळ सारखाच: आर-१२चा ३.१ बार, आर-१३४एचा २.९. साठ अंशांना मात्र हेच आकडे १५.२ आणि १६.८ होतात. म्हणजे गॅस दाबणाऱ्या कम्प्रेसरला तो थोड्या कमी दाबापासून जास्त दाबापर्यंत ढकलायचं असतं. वैशाखात इंदूरच्या पलासिया चौकात गाडी उभी राहिली की कंडेन्सरवर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर, वारा लागत नाही आणि तिथेच हा फरक बाधतो. जुना ट्यूब-फिन (नळी आणि पात्यांचा) कंडेन्सर असेल, तर पॅरलल-फ्लो (अनेक चपट्या समांतर नळ्यांचा) कंडेन्सर आणि जास्त वारा ओढणारा पंखा बसवणं हा खर्च आम्ही टाळण्यातला मानत नाही. हाय साइडचा, म्हणजे कम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूचा, काटा ३०० पीएसआयच्या (सुमारे २१ बार) वर जात असेल, तर आधी पंखा पाहावा. गॅसही जास्त भरला गेलेला असू शकतो.

कम्प्रेसरचं जुनं मिनरल ऑइल नव्या गॅसमध्ये विरघळत नाही. ते कॉइलमध्येच साचतं, परत येत नाही आणि कम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून कम्प्रेसर उतरवून तेल ओतून काढावं, मोजावं आणि कंपनीने सांगितलेल्या मापाने एस्टर ऑइल घालावं. पीएजी हे दुसरं कृत्रिम तेल आर-१२मधून उरलेल्या क्लोरीनमुळे बिघडू शकतं. एस्टर जास्त सोशीक आहे. पाइप फ्लश करावेत, पण ड्रायर (ओलावा टिपणारी डबी) फ्लश न करता बदलावा: जुन्यातले ओलावा शोषणारे दाणे नव्या गॅसला चालत नाहीत. जोडांतल्या ओ-रिंग एचएनबीआर या रबराच्या हव्यात. दाब फार वाढला की कम्प्रेसर बंद करणारा हाय-प्रेशर स्विच नसेल तर बसवावा. आर-१२ हवेत सोडू नये, मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घ्यावा.

मग किमान पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचावर असल्याने काटा पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास थांबतो. ३०पर्यंत जाण्याची वाट पाहू नये. पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का, म्हणजे गळती आहे का, ते पाहावं.

आर-१२ ७०० ग्रॅम लागत असेल, तर ५६० ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि ३०-३० ग्रॅम वाढवत ६३०च्या पुढे जाऊ नये. गॅस दिसावा म्हणून पाइपवर असलेल्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरायची जुनी सवय इथे घात करते: माप बरोबर असतानाही ते दिसत राहतात.