शांबेर्तां आणि जव्रे-शांबेर्तां: एक शेत, एक गाव

फ्रान्समधल्या दिजों शहराहून दक्षिणेला जाणारी लोकल थोड्याच वेळात एका लहानशा स्टेशनात थांबते. पाटीवर नाव असतं जव्रे-शांबेर्तां. बरगंडी हा वाइनचा प्रदेश बघायला आलेली बरीच मंडळी इथे उतरतात ती जगप्रसिद्ध शांबेर्तां वाइनच्या गावात आलो, अशा समजुतीने. मग गावातल्या दुकानात दोन बाटल्या शेजारी शेजारी दिसतात. एकीवर लिहिलेलं असतं 'जव्रे-शांबेर्तां', दुसरीवर नुसतं 'शांबेर्तां'. नाव आखूड, पण किंमत कितीतरी पट. गोंधळ सुरू होतो तो इथेच.

गावाचं मूळ नाव नुसतं जव्रे. शांबेर्तां हे गावाबाहेरचं एक शेत, जेमतेम 13 हेक्टरचं, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण 32 एकर. त्या शेताच्या वाइनचा लौकिक एवढा वाढला, की 1847 साली गावाने शेताचं नाव आपल्या नावापुढे जोडून घेतलं. आपल्याकडे माणसं गावावरून आडनाव लावतात. इथे गावानेच शेतावरून आडनाव लावलं. त्यामुळे 'जव्रे-शांबेर्तां' लिहिलेली वाइन आसपासच्या सुमारे चारशे हेक्टरांतल्या कुठल्याही मान्यताप्राप्त बागेतली असू शकते. 'शांबेर्तां' मात्र त्या 32 एकरांतली, फार तर त्याला लागून असलेल्या एका बागेतली. द्राक्ष दोन्हींत एकच, पिनो न्वार.

हा फरक चालत बघावा, असं मला मनापासून वाटतं. गावातून मोरे-सें-दनी या शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्याने निघालं, की उजव्या हाताला चढण लागते. बुटके वेल तारांवर बांधलेले, ओळी जवळजवळ, आणि मधल्या मातीत पांढरट चुनखडीचे खडे. आधी क्लो द बेझ नावाची बाग, मग तिला लागूनच शांबेर्तां. दोन्ही उतारांची तोंडं पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन थेट वेलींवर येतं. वर, टेकडीच्या माथ्यावर जंगल आहे, तिथे माती पातळ आणि गारठा जास्त. खाली सपाटीला माती खोल आणि पाणी धरून ठेवणारी. या दोन्हींच्या मधला पट्टा तेवढा निचऱ्याचा आणि उबदार. शतकानुशतकं बाग राखणाऱ्यांनी हे ओळखलं ते वर्षानुवर्षं वाइन चाखून, यंत्रं लावून नव्हे. गावाची साधी वाइन मुख्यतः खालच्या जमिनीतली. अर्थात अपवाद आहेत: गावामागच्या घळीतून वाहून आलेला दगडगोटा सपाटीवर लांबवर पसरला आहे, म्हणून जव्रेच्या बागा मोठ्या हमरस्त्याच्या पलीकडेही जातात.

क्लो द बेझ ही सातव्या शतकात बेझच्या मठाला दान मिळालेली जमीन. आख्यायिका अशी, की शेजारच्या बेर्तां नावाच्या शेतकऱ्याने मठाच्या बागेसारखेच वेल लावले आणि त्याच्या शेताचं, म्हणजे 'शां द बेर्तां'चं, पुढे शांबेर्तां झालं. गंमत कायद्यात आहे. क्लो द बेझची वाइन शांबेर्तां म्हणून विकता येते, पण शांबेर्तांची वाइन क्लो द बेझ म्हणून विकता येत नाही.

आता खरी अडचण. जव्रेच्या हद्दीत सर्वोच्च दर्जाची, म्हणजे ग्राँ क्रूची, नऊ शेतं आहेत आणि नवांच्याही नावात शांबेर्तां आहे. शार्म-शांबेर्तां, ग्रियोत-शांबेर्तां, लात्रिसिएर-शांबेर्तां वगैरे. म्हणून जोडरेघ दिसली की साधी वाइन, असं धरू नये. रेघेच्या आधी काय आहे ते बघावं. आधी गावाचं नाव असेल तर ती गावाची वाइन, शेताचं असेल तर ग्राँ क्रू. मधल्या पायरीवर, प्रमिए क्रूवर, गाव आणि शेत दोन्ही लिहितात: जव्रे-शांबेर्तां, प्रमिए क्रू, क्लो सें-झाक. ही बाग दर्जाने ग्राँ क्रूच्या तोडीची, असं बरेच जाणकार मानतात, आणि मलाही ते पटतं.

एवढं समजल्यावरही लेबलवरचं तिसरं नाव सोडू नका: उत्पादकाचं. शांबेर्तां एका मालकाचं नाही. वारसांत वाटण्या होत होत त्याच्या पट्ट्या पडल्या आहेत. कुणाकडे मोजक्याच ओळी, कुणाकडे दोनेक हेक्टर. एकाच बांधाच्या अल्याडची आणि पल्याडची वाइन वेगळी लागते, कारण छाटणी करणारे हात वेगळे, तळघर वेगळं. चांगल्या हाताची गावातली वाइन निष्काळजी हाताच्या ग्राँ क्रूपेक्षा सरस निघू शकते. प्रवासात पैसे जपून खर्चायचे असतील, तर मी तीच घेईन.

दक्षिणेला बोन शहर ओलांडून गेलात, की हाच घोळ पांढऱ्या वाइनबाबत भेटतो. मोंराशे (मधला 'त' उच्चारत नाहीत) हे जेमतेम आठ हेक्टरचं, शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाचं शेत. ते निम्मं पुलिन्यीत, निम्मं शासान्यात, आणि 1879 साली दोन्ही गावांनी ते नाव लावलं. त्यामुळे पुलिन्यी-मोंराशे आणि शासान्य-मोंराशे ही झाली गावं. खुद्द मोंराशेच्या वाइनच्या नावात दोन्हींपैकी एकाही गावाचं नाव नसतं.