गेममधल्या माणसांचे चेहरे अंगावर का येतात, त्यामागची गोष्ट

नोव्हेंबर २०२१ मधे जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) या गेमचे तीन जुने भाग, थ्री, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास, नव्याने करून विकायला आले आणि आमच्या परळच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. शाळेत असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून ज्यांनी व्हाइस सिटी खेळली त्यांना ती माणसं ओळखूच येईनात. चेहरे गुळगुळीत, कातडी मेणाची, नजर कुठे लागलीय तेच कळत नाही. सॅन अँड्रियासमधे एका डोनटच्या दुकानावर मोठा षटकोनी नट आहे, बोल्टवर बसतो तो नट, दुकानाच्या नावातली गंमतच ती, तर नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे जाऊन तो गोल झाला. माझ्या मते चेहऱ्यांचंही हेच झालं, मूळ कलाकाराने मोजक्या रेषांत जे सुचवलं होतं ते मोठं आणि मऊ करताना पुसलं गेलं. आठवड्याभरात कंपनीने माफी मागितली आणि ऑनलाइन विक्रीतून काढून टाकलेल्या जुन्या आवृत्त्या पीसीवाल्यांना परत दिल्या.

तेव्हा जो तो 'अनकॅनी व्हॅली' म्हणत होता. हा शब्द आता कुठल्याही वाईट ग्राफिक्सला चिकटवतात आणि ते मला पटत नाही, म्हणून जरा मागे जातो.

१९७० साली जपानमधल्या रोबोटिक्सच्या एका प्राध्यापकाने छोटासा लेख लिहिला. त्यात एक आलेख होता, आडव्या अक्षावर माणसाशी साम्य आणि उभ्या अक्षावर 'शिन्वाकान'. साम्य वाढत जातं तसं शिन्वाकानही चढत जातं, आणि अगदी माणसासारखं व्हायला थोडंच बाकी असताना धाडकन खाली येतं. ती दरी, 'बुकिमी नो तानी'. इंग्रजीत १९७८ च्या एका पुस्तकातून तिचं 'अनकॅनी व्हॅली' झालं आणि गुंता तिथूनच सुरू झाला, कारण अनकॅनी म्हटलं की अभ्यासक लगेच फ्रॉइडच्या १९१९ च्या त्याच नावाच्या मनोविश्लेषणावरच्या प्रसिद्ध निबंधाकडे वळतात, घरातलं ओळखीचं अचानक परकं होणं वगैरे, मूळ जपानी लेखात मात्र त्या निबंधाचा उल्लेखही नाही. दुसरा घोळ शिन्वाकानचा. आधी त्याचा अर्थ 'परिचितपणा' असा लावत होते, २०१२ ला अधिकृत इंग्रजी भाषांतर आलं त्यात तो 'जवळीक' याच्याकडे सरकला. मराठीत याला सरळ आपलेपणा म्हणावं. परिचय आणि आपलेपणा एक नाहीत हे मुंबईत कुणाला सांगायला नको, ८:१२ च्या लोकलला रोज समोर उभा असणारा माणूस वर्षानुवर्षं ओळखीचा असतो, पण आपला असतोच असं नाही. अर्थ असा लावला की प्रश्नच बदलतो. पात्र खरं दिसतं का हे बाजूला राहतं आणि ते आपलं वाटतं का हे बघावं लागतं.

त्याच लेखात अजून दोन गोष्टी आहेत ज्या कुणी सांगत नाही. एक, हालचाल आली की चढही मोठा होतो आणि दरीही खोल होते. म्हणजे स्क्रीनशॉटमधे छान दिसणारा चेहरा बोलायला लागला की प्रेतासारखा वाटू शकतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, प्राध्यापकांचा सल्लाच असा होता की पलीकडच्या शिखराच्या मागे लागू नका, दरीच्या अलीकडच्या शिखरावर थांबा. उदाहरण म्हणून त्यांनी चष्मा आणि बुद्धाच्या मूर्ती घडवणाऱ्याने कोरलेला लाकडी हात घेतला होता, दोन्ही खऱ्यासारखे दिसायचा प्रयत्न न करताही छान वाटतात. आपल्याकडे अर्धवटराव आहे की. डोळे फिरतात, तोंड उघडतं, आणि तो माणूस आहे असा दावा कुणी करत नाही, म्हणून तर पिढ्यान् पिढ्या पोरं त्याच्यावर खूश आहेत.

गेमवाल्यांनी मात्र दरी दिसली की पूल बांधायचा असं ठरवलं.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९८९ च्या प्रिन्स ऑफ पर्शियात बनवणाऱ्याने स्वतःच्या भावाला पळायला लावून व्हिडिओवरून चित्रं काढली, हालचाल अस्सल आणि चेहरा म्हणजे चार पिक्सेल, त्यामुळे भीती वाटायचं कारणच नाही. व्हाइस सिटीच्या वेळीही तेच, बोटं एकमेकांना चिकटलेली, तोंडाच्या जागी जवळपास नुसता रंग, आणि तरी आम्ही कॅफेच्या पंख्याखाली तासन् तास त्या माणसांबरोबर राहिलो. उरलेलं आम्ही मनात भरत होतो. २००४ ला हाफ-लाइफ २ आला, त्याने चेहऱ्याच्या कुठल्या स्नायूने काय हलतं याची १९७८ ची मानसशास्त्रातली वर्गवारी घेऊन पात्रांना बोलतं केलं, आणि आजही ते चेहरे बघवतात याचं कारण त्यांनी कातडीपेक्षा नजरेवर जास्त मेहनत घेतली असं मला वाटतं. लालबागच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे आखायला हातखंडा असलेलाच कारागीर बसतो, बाकी रंग बाकीचे देतात. हा त्यातलाच प्रकार आहे.

मग २०११ चा एल.ए. नॉयर. नटाच्या डोक्याभोवती ३२ कॅमेरे, प्रत्येक सुरकुती टिपलेली, कारण खेळच समोरचा खोटं बोलतोय का ते ओळखायचा. पण अंगाची हालचाल वेगळी टिपलेली होती, त्यामुळे जिवंत डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवल्यासारखं वाटतं. मी गोरेगावला तीन वर्षं मोकॅप क्लीनअप, म्हणजे नटांची टिपलेली हालचाल साफसूफ करायचं काम, केलंय, हा सांधा दिसू न देणं हेच आमचं निम्मं काम असायचं, आणि चेहरा जितका अस्सल तितका तो सांधा जास्त उघडा पडतो.

मार्च २०१७ चा मास इफेक्ट अँड्रॉमेडा हे सगळ्यात गाजलेलं प्रकरण. डोळे काचेचे, भलत्या जागी हसू, आणि एक पात्र स्वतःच 'माझा चेहरा थकलाय' म्हणतं, ती क्लिप सगळीकडे फिरली. अशा गेममधे संवादांचे ढीगच्या ढीग असतात. प्रत्येक ओळ हाताने ॲनिमेट करायला माणसं पुरत नाहीत, म्हणून बराचसा भाग टूल आवाजावरून तयार करतं आणि मग वेळ मिळेल तितका हात फिरवला जातो. हा निर्णय वेळापत्रकाचा असतो, ॲनिमेटरचा नसतो. पण लोकांना कुणीतरी एक माणूस हवा होता. नेटवर कुणीतरी एका मुलीचं नाव पुढे केलं, ती तिथे आधी काम करून गेलेली, तिच्यावरच सगळं ढकललं आणि दिवसचे दिवस तिला घाणेरडे मेसेज गेले. स्टुडिओला निवेदन काढावं लागलं की टीमची प्रमुख म्हणून तिचं नाव घेतलं जातंय ते चुकीचं आहे. एप्रिलमधे पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, आला आणि डोळे बरेच सुधारले. म्हणजे ज्या डोळ्यांवरून त्या मुलीला एवढं ऐकवलं ते काही आठवड्यांच्या कामात नीट होण्यासारखे होते.