उजळणी दिवसांची पूर्वपीठिका

परीक्षा तोंडावर आली की नेहमीचे वेळापत्रक बाजूला ठेवायचे, एक अख्खा दिवस किंवा सुट्टीतले काही दिवस एकाच विषयाला द्यायचे आणि कसून उजळणी करून घेऊन गरीब घरांतील मुलांचे निकाल वर आणायचे, हा उपाय आता अनेक शाळांच्या अंगवळणी पडला आहे. तो वंचितांसाठीच योजला गेला असावा असे वाटते. त्याचे मूळ मात्र पैसेवाल्यांच्या शिकवण्यांत आहे. ब्रिटनमध्ये सरकारी पदे वशिल्याऐवजी खुल्या स्पर्धेतून भरावीत, अशी शिफारस नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने १८५४ साली केली आणि भारतातील मुलकी सेवेसाठीची पहिली स्पर्धा परीक्षा १८५५ साली लंडनमध्ये झाली. परीक्षांच्या पाठोपाठ त्यांची घोटून तयारी करून घेणाऱ्या, ‘क्रॅमर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खासगी शिकवण्या फोफावल्या. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत दोनदा अपयश आल्यावर विन्स्टन चर्चिल यांना कॅप्टन जेम्स यांच्या अशाच एका शिकवणीत घालण्यात आले आणि १८९३ साली तिसऱ्या प्रयत्नात ते उत्तीर्ण झाले. नेमक्या प्रश्नांचा नेमका सराव थोड्या दिवसांत करून घेतला तर गुण वाढतात, हे तेव्हापासूनच ठाऊक होते. फक्त ती सोय फी भरू शकणाऱ्यांपुरती होती.

याच सुमारास जर्मनीत मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग करत होते. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, ठरावीक काळाने ते पुन्हा पाठ करायला किती आवर्तने लागतात ते मोजायचे, अशी त्यांची चिकाटीची पद्धत होती. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील एक नोंद उजळणी दिवसांच्या पुरस्कर्त्यांना आजही अडचणीत आणते: एकाच दिवशी सलग ६८ आवर्तने करून जेवढे साधले, तेवढेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. पुढे १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर यांनी अमेरिकेतील आयोवा राज्यात सहावीच्या ३,६०५ विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, वाचल्यानंतर लवकर चाचणी दिलेल्या मुलांच्या स्मरणात मजकूर अधिक काळ टिकल्याचे दिसले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली हा धागा पुढे नेला. पाच मिनिटांनी तपासले तर पुन्हापुन्हा वाचणारे सरस ठरत होते, पण आठवड्याने तपासले तर न बघता आठवून काढणारे पुढे जात होते. शाळांच्या दृष्टीने यातला पहिला भाग अधिक घातक आहे असे मला वाटते, कारण उजळणीच्या दिवशी संध्याकाळी मुलांना आणि शिक्षकांनाही सारे काही आल्यासारखे वाटते आणि त्या वाटण्यावरच दिवस यशस्वी झाल्याचा शेरा मारला जातो.

या संशोधनाची आणि गरिबीच्या प्रश्नाची गाठ पडायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेत १९६५ च्या शिक्षण कायद्याने गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचा निधी मिळू लागला, आणि पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या अहवालाने मुलांच्या यशापयशात घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा असल्याचे दाखवले. घरी अभ्यासाला जागा नाही, शंका विचारायला कोणी नाही, शिकवणीला पैसे नाहीत, अशा मुलांना शाळेच्या वेळेबाहेर हे सगळे पुरवावे, हा विचार त्यानंतर बळावत गेला. इंग्लंडमध्ये १९९७ नंतरच्या सरकारने तो धोरण म्हणून स्वीकारला. शाळा सुटल्यानंतरचे अभ्यासवर्ग आणि ईस्टरच्या सुट्टीतील उजळणी वर्ग यांना सार्वजनिक निधी मिळू लागला.

हेतू चांगला होता, परंतु तोवर हिशेबाची दुसरी एक पद्धत शाळांच्या मानगुटीवर बसलेली होती. सोळाव्या वर्षी द्यावयाची जीसीएसई परीक्षा १९८८ साली सुरू झाली, १९९२ पासून शाळानिहाय निकालांचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले आणि त्यांत पाच विषयांत ‘सी’ किंवा वरची श्रेणी मिळवणाऱ्यांचे प्रमाण हा शाळेच्या प्रतिष्ठेचा मापदंड ठरला. ‘डी’वरून ‘सी’वर गेलेला विद्यार्थी शाळेचा आकडा वाढवी, ‘एफ’वरून ‘ई’वर गेलेला, त्याने कितीही कष्ट उपसलेले असोत, त्या आकड्यात कुठेच दिसत नसे. साहजिकच जादा तासांसाठी काठावरच्या मुलांची यादी निघू लागली. डेव्हिड गिलबोर्न आणि डेबोरा यूडेल यांनी लंडनमधील दोन शाळांचा अभ्यास करून २००० साली ही निवड उघडी पाडली. युद्धभूमीवर जखमींची वर्गवारी करावी तशी मुलांची वर्गवारी होत होती, आणि आशा सोडून दिलेल्या गटात कृष्णवर्णीय मुले व मोफत भोजनास पात्र असलेली मुले प्रमाणाबाहेर होती. म्हणजे वंचितांच्या नावाने सुरू झालेल्या वर्गातून सर्वाधिक वंचितच वगळले जात होते. प्रत्येक श्रेणीतील प्रगती मोजणारा ‘प्रोग्रेस ८’ हा निकष २०१६ साली आला, तेव्हा या निवडीमागचे आमिष बरेच कमी झाले.

दरम्यान २०११ साली इंग्लंडमध्ये ‘प्यूपिल प्रीमियम’ सुरू झाला. वंचित विद्यार्थ्यामागे शाळेला स्वतंत्र रक्कम मिळू लागली आणि तिचा विनियोग दाखवणे भाग झाले. उजळणी दिवस हा दाखवायला सोपा खर्च आहे. त्याला तारीख असते, हजेरीपट असतो, छायाचित्रे असतात. शिवाय जीसीएसईच्या सगळ्या लेखी परीक्षा अभ्यासक्रमाच्या शेवटी घेणारी सुधारित पद्धत २०१७ पासून इंग्रजी व गणितात लागू झाली, तेव्हा दोन वर्षांचा अभ्यास एकदम उजळून घेण्याची निकडही वाढली.

सुट्टीतील सखोल वर्गांचा ठळक दाखला मात्र अमेरिकेतला आहे. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स या गरीब, स्थलांतरितांच्या शहराच्या शाळा राज्याने २०११ साली ताब्यात घेतल्या. तेथे सुट्टीच्या आठवड्यात निवडक शिक्षकांनी सुमारे दहा-दहा मुलांच्या गटांना एकच विषय शिकवला. शूलर, गुडमन आणि डेमिंग यांच्या २०१७ च्या अभ्यासात पहिल्या दोन वर्षांत गणितात चांगली वाढ दिसली आणि या वर्गांना बसलेल्या मुलांची वाढ विशेष मोठी असावी, असा जपून शब्द टाकलेला निष्कर्ष निघाला. जपून अशासाठी की सुट्टीत शाळेत येणारे मूल आणि न येणारे मूल यांत मुळातच फरक असू शकतो.

हजेरीचा हा प्रश्न साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर अडतो. ज्या मुलीला सुट्टीत धाकट्या भावंडांना सांभाळायचे आहे, ज्या मुलाची रोजची बस सुट्टीत धावत नाही, ज्याचे दुपारचे जेवण शाळेतच होते, त्यांच्यापर्यंत सूचनाफलकावरची नोटीस पोहोचूनही उपयोग होत नाही. म्हणून जाणत्या शाळा घरी आधी फोन करतात, जाण्यायेण्याची आणि जेवणाची सोय करतात. दिवसाची आखणीही त्या उलट्या टोकाकडून करतात: आधी सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका प्रश्नागणिक तपासून कोणाचे काय अडते ते काढायचे, मग दहा-बारा मुलांचा गट करून वह्या मिटून उत्तरे लिहायला लावायची, चुकलेले तिथल्या तिथे सोडवून घ्यायचे आणि तोच प्रश्न आकडे बदलून आठवड्याने पुन्हा द्यायचा. तो आठवड्यानंतरचा प्रश्न नेहमीच्या तासाला, नेहमीच्या शिक्षकाने द्यायचा असल्यामुळे उजळणी दिवस बाहेरच्या संस्थेकडून घेतला जातो तेव्हा सर्वांत आधी तोच गळतो.