क्षमायाचना, इंग्रजी भाषाध्यापनातील

इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना, चूक झाल्यावर इंग्रजीत क्षमा कशी मागावी आणि दुसऱ्याने मागितल्यास तिला उत्तर काय द्यावे, हे शिकवण्याचा अध्यापनविषय. ‘सॉरी’ हा शब्द मराठी व कोंकणी बोलण्यात इतका मुरला आहे की त्याचे वेगळे शिक्षण अनावश्यक वाटते. शब्द उसना घेतला तरी त्याच्या भोवतीचे संकेत मात्र त्याच्याबरोबर येत नाहीत, आणि अध्यापनाचा खरा विषय हे संकेतच होत.

शब्दांचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. ‘सॉरी’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘सारिग’ (दुःखी, व्यथित) या रूपापासून आला असून त्याचे मूळ ‘सोअर’ म्हणजे दुखरे, हुळहुळे या शब्दाशी जोडले जाते. अर्थाने व उच्चाराने जवळ असलेल्या ‘सॉरो’ या शब्दाशी त्याचे नाते दिसते तेवढे सरळ नाही. दोघांची मुळे वेगळी असून साम्य मागाहून वाढले, हेच मत अधिक ग्राह्य आहे. ‘अपॉलजी’चे मूळ ग्रीक ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपाला दिलेले उत्तर, बचावाचे भाषण. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात ‘समर्थन’ याच अर्थाने वापरला जाई. चुकीची कबुली हा अर्थ साधारणतः त्या शतकाच्या अखेरीपासून दिसू लागतो, असे मानतात. मराठीकडे पाहिल्यास ‘क्षमा’ हा शब्द ‘क्षम्’ म्हणजे सहन करणे या धातूपासून आलेला आहे, तर ‘माफ’ हा फार्सीमार्गे आलेला अरबी शब्द असून त्याच्या धातूत पुसून टाकण्याचा, सोडून देण्याचा अर्थ आहे. म्हणजे मराठीतील हे दोन्ही शब्द ज्याचे नुकसान झाले त्याने काय करावे ते सांगतात; ‘सॉरी’ बोलणाऱ्याच्या मनःस्थितीविषयी बोलतो. ‘सॉरी’च्या सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘दिलगीर’ हा आहे. मूळ फार्सीत तो काळजाला धरणारे असे काही सुचवतो, आणि बखरींमध्ये तो ‘खिन्न’ या साध्या अर्थाने भेटतो. आज तो बहुधा पत्रकांत आणि जाहीर निवेदनांतच उरला आहे.

व्युत्पत्तीतील हा भेद शिकणाऱ्याला प्रत्यक्ष अडवतो. कोणाच्या घरी मृत्यू झाल्याचे कळल्यावर इंग्रज माणूस ‘आय ॲम सॉरी’ म्हणतो, तेव्हा तो क्षमा मागत नसून सहदुःख व्यक्त करीत असतो. ‘सॉरी’ म्हणजे ‘माफ करा’ एवढेच शिकलेला विद्यार्थी त्यावर ‘यात तुमचा काय दोष’ असे उत्तर देऊन बसतो.

शास्त्रीय विवेचनाचा आरंभ सामान्यतः तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्यापासून धरला जातो. त्यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने मरणोत्तर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत क्षमायाचना ही बोलण्यातूनच घडणारी कृती, म्हणजे वाक्कृती, मानली आहे. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी पुढे तिला भावव्यंजक, म्हणजे बोलणाऱ्याची मनःस्थिती व्यक्त करणाऱ्या, कृतींच्या वर्गात घातले. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७१ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते क्षमा मागणारा स्वतःचे दोन भाग करतो, एक चुकलेला आणि दुसरा त्या चुकीचा निषेध करणारा. आणि बिघडलेला व्यवहार दोन्ही पक्षांच्या देवाणघेवाणीतून पूर्ववत होतो. वर्गातील अध्यापनाला गॉफमन यांची दृष्टी अधिक उपयोगी पडते, कारण तीत प्रतिसादालाही जागा आहे. अध्यापनात सर्वाधिक रुजलेली मांडणी मात्र भाषाभ्यासक एलिट ओल्श्टाइन व अँड्र्यू कोहेन यांची (१९८३). तीनुसार क्षमायाचनेत ठरावीक क्षमावाचक शब्दप्रयोग, कारणाचे स्पष्टीकरण, जबाबदारीचा स्वीकार, भरपाईची तयारी आणि पुन्हा तसे न करण्याचे आश्वासन हे पाच घटक संभवतात. प्रत्येक प्रसंगी सगळे लागतातच असे नाही.

या पाचांपैकी जबाबदारीचा स्वीकार हा घटक मराठी भाषकाला सर्वांत अवघड जातो, आणि त्याचे कारण स्वभावात शोधण्यापेक्षा व्याकरणात शोधणे योग्य होय. मराठीत ‘फुटणे’ व ‘फोडणे’, ‘सांडणे’ व ‘सांडवणे’ अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. हातातला पेला निसटला तर मराठी माणूस ‘मी पेला फोडला’ म्हणत नाही, कारण त्यात हेतूचा वास येतो. ‘पेला फुटला’ म्हटले तर अंग काढून घेतल्यासारखे होते. म्हणून तो ‘माझ्या हातून पेला फुटला’ असे म्हणतो. ‘हातून’ या एका शब्दात संबंध मान्य केला जातो आणि हेतू नाकारला जातो, म्हणजे अर्धी क्षमायाचना व्याकरणच उरकून टाकते. ‘चुकलं माझं’ या नपुंसकलिंगी रचनेचे काम असेच आहे. कोंकणीतील ‘म्हजें चुकलें’ तिच्याच वळणाचे. इंग्रजीत अशी मधली रचना हाताशी नसल्याने विद्यार्थी ‘द ग्लास ब्रोक’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते. ‘आय ब्रोक द ग्लास’ हे वाक्य इंग्रजीत हेतू सुचवत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगावे लागते. त्याउलट स्पष्टीकरणाचा घटक विद्यार्थी भरभरून देतात. मूळ अरबीत ‘कारण’ असा अर्थ असलेल्या ‘सबब’ या शब्दाचे मराठीत जे झाले, तेच मग त्यांच्या स्पष्टीकरणाचे होते.

किरकोळ व्याकरणदोषांत ‘त्याची माफी मागितली’ या षष्ठीच्या वळणामुळे ‘अपॉलजाइझ’नंतरचा ‘टू’ गाळला जाणे नेहमीचे आहे. ‘एक्सक्यूज मी’ व ‘आय ॲम सॉरी’ यांतील भेदाची चर्चा ॲन बोर्किन व सुझन राइनहार्ट यांनी १९७८ मध्ये केली: पहिला प्रयोग शिष्टाचाराच्या लहान भंगासाठी, तर दुसरा समोरच्याला त्रास वा नुकसान झाल्याबद्दलच्या खेदासाठी. हा भेद मुख्यतः अमेरिकन वापराला लागू पडतो. ब्रिटिश बोलण्यात ‘सॉरी’चे क्षेत्र बरेच व्यापक आहे.

गोव्यात या विषयाला विशेष पार्श्वभूमी आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. परंतु मराठी किंवा कोंकणी प्राथमिक शाळेतून आलेले मूल पाचवीपासून बहुधा इंग्रजी माध्यमात जाते. पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतील मराठी घरांत क्षमायाचना पुष्कळदा शब्दांवाचून होते. कोणाला पाय लागला तर हाताने स्पर्श करून तो हात कपाळाला किंवा छातीला लावतात आणि विषय तेथेच संपतो. हीच मुले पणजी–बेती फेरीबोटीत परदेशी प्रवाशाच्या पायावर पाय पडल्यावर तशी खूण करतील तर तिचा अर्थ त्याला लागणार नाही. वडीलधाऱ्यांनी धाकट्यांची शब्दांत क्षमा मागण्याचा प्रघातही कमी आहे. राग निवळल्याचे आवडीचा पदार्थ करून कळवले जाते. त्यामुळे ‘आई मुलाला सॉरी म्हणते’ असा पाठ्यपुस्तकी संवाद वर्गात थोडा हास्यास्पद ठरतो. ख्रिस्ती कोंकणी प्रार्थनांत रूढ असलेला ‘भोगसप’ (क्षमा करणे) हा शब्द मात्र मुख्यतः पापक्षालनाच्या संदर्भातला असून बसमधल्या धक्क्यासाठी तो कोणी वापरत नाही.

हॉटेल व पर्यटन व्यवसायात येणाऱ्या तरुणांना हा विषय पोटापाण्याचा असतो. खोली वेळेवर तयार नसल्यास पाहुण्याला कारणे ऐकण्यापेक्षा खोली केव्हा मिळेल हे हवे असते, म्हणून येथे भरपाईचा घटक आधी शिकवणे इष्ट. पाहुणा रशियन असेल तर इंग्रजी दोघांचीही परकी भाषा. अशा वेळी छोटी, सुटी वाक्येच उपयोगी पडतात. मराठीतील ‘तू’ व ‘तुम्ही’ यांचे काम इंग्रजी ‘यू’ करीत नसल्याने आदर ‘सर’, ‘मॅडम’ आणि ‘व्हेरी’, ‘सो’, ‘टेरिबली’ यांसारख्या तीव्रतादर्शक शब्दांवर टाकावा लागतो. कचेरीतल्या अर्जांमधून आलेले ‘काइंडली एक्सक्यूज’ हे वळण कागदावर चालते, बोलण्यात ते परके वाटते.

असे शिक्षण उपयोगी ठरते काय, याविषयी ओल्श्टाइन व कोहेन यांनीच १९९० मध्ये हिब्रूभाषक विद्यार्थ्यांसंबंधी अनुकूल निष्कर्ष मांडले. रिचर्ड श्मिट यांचा ‘जे लक्षात येते तेच आत्मसात होते’ अशा आशयाचा सिद्धान्तही त्याच सुमाराचा आहे. वर्गात प्रसंग देऊन अपुरा संवाद पुरा करून घेणे आणि भूमिका वाटून तो बोलवून घेणे या दोन पद्धती रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत विद्यार्थी काय बोलायला हवे ते लिहितो, काय बोलला असता ते नव्हे, हा आक्षेप रास्त आहे.

प्रतिसादाचा अभ्यास तुलनेने तोकडा आहे. मराठीत ‘असू दे’, ‘राहू दे’, ‘चालायचंच’ असे म्हणतात किंवा नुसती मान हलवतात; इंग्रजीत गप्प राहणे ही नाराजी समजली जाऊ शकते, म्हणून ‘दॅट्स ऑल राइट’ किंवा ‘डोन्ट वरी अबाउट इट’ तोंडात बसवून घ्यावे लागते. ‘आय फर्गिव्ह यू’ हे ‘माफ केलं’चे शब्दशः रूपांतर चहा सांडण्यासारख्या क्षुल्लक प्रसंगी फार जड होते, तर आभाराला दिले जाणारे भारतीय इंग्रजीतील ‘मेन्शन नॉट’ हे उत्तर क्षमायाचनेला मुळीच लागू पडत नाही.